आठला तीन मिनिटं कमी : जुन्या हिंदी गाण्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं जमतात. जुनी हिंदी गाणी ऐकतात, वाद घालतात, चहा पितात आणि घरी जातात. मंडळ नाही, वर्गणी नाही. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न विचारतो, आणि जुनी मंडळी माझ्याकडे बघून हसतात, कारण माझी उत्तरं त्यांना पाठ झालेली असतात. म्हणून ती एकदाची लिहून काढतोय.

आमच्याकडे नियम एकच आहे. दोन कडव्यांच्या मधे बोलायचं नाही. मधलं म्युझिक सुरू झालं की लोकांचा हात चिवड्याकडे जातो आणि तोंडातून ‘काय गायलाय हो!’ निघतं. नेमकं तेव्हाच अर्धं गाणं निसटून जातं.

‘जुनी’ म्हणजे नेमकी कधीपर्यंतची?

यावर आमच्याकडे दोन वेळा खरंखुरं भांडण झालंय. माझ्या आजोबांच्या मते गायक-नट कुंदनलाल सैगल गेला (१८ जानेवारी १९४७) तेव्हाच गाणं संपलं, पुढचं सगळं ‘नवीन’. माझ्या पुतण्याला नव्वद सालचं गाणं जुनं वाटतं. आम्ही सोयीसाठी १९३१ ते साधारण १९७० असं धरतो.

१९३१ का? ‘आलम आरा’ त्या वर्षी १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि हिंदी सिनेमा बोलायला लागला, तो गातच. त्यात सात गाणी होती. गंमत अशी, की त्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि पुढे फिल्मही नष्ट झाली. म्हणजे या सगळ्या पसाऱ्यातलं पहिलं गाणं आज कुणालाच ऐकता येत नाही. दुसऱ्याच वर्षी आलेल्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास गाणी होती. संगीत नाटकं रात्रभर बघणाऱ्या आपल्या लोकांना त्याचं काय कौतुक वाटलं असेल कुणास ठाऊक.

मी अगदी नवखा/नवखी आहे. सुरुवात कुठून करू?

शंभर गाण्यांची यादी मागू नका, मी देत नाही. एक गाणं घ्या आणि आठवडाभर तेच ऐका. ‘नागिन’मधलं (१९५४) ‘मन डोले मेरा तन डोले’ घ्या. ते लग्नाच्या वरातीत इतक्या वेळा वाजलंय, की आपण ते ऐकणंच सोडून दिलंय.

पहिल्या दिवशी नुसतं गाणं ऐका. दुसऱ्या दिवशी लताबाईंच्या आवाजाकडे दुर्लक्ष करा आणि फक्त पुंगी ऐका. ती श्वास कुठे घेते ते शोधा. सापडणार नाही, कारण ती पुंगी नाहीच. क्लॅव्हायोलिन नावाचं एक विजेवर चालणारं छोटं पट्ट्यांचं वाद्य होतं, ते कल्याणजी वाजवतायत आणि जोडीला रवी हार्मोनियमवर आहेत. दोघं तेव्हा हेमंतकुमारांकडे साहाय्यक होते, संगीतकार म्हणून त्यांची नावं नंतर झाली. पडद्यावर पुंगी वाजतेय आणि स्टुडिओत दोन माणसं पट्ट्या दाबतायत! हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी तेच गाणं ऐका. ते वेगळं वाटेल. तसं वाटलं की तुमची सुरुवात झाली म्हणून समजा.

ही गाणी तीन-सव्वातीन मिनिटांचीच का असतात?

दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधलं म्युझिक सगळं तेवढ्यात बसवायचं. ही अडचण होती, पण तिच्यामुळे एक शिस्त आली. पाल्हाळाला जागाच नव्हती. सुरुवातीचा तुकडा पंधरा-वीस सेकंदांत तुम्हाला गाण्यात नेऊन बसवणार, नाहीतर शेवटचं कडवं कापावं लागणार.

गाणं फारच मोठं असलं तर ते तबकडीच्या दोन बाजूंवर तोडायचे. पहिली बाजू संपली की उठायचं, तबकडी उलटायची, सुई बदलायची आणि मग पुढचा विरह.

मग सिनेमातलं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं वेगळं का वाटतं?

कारण बऱ्याचदा ते वेगळंच असतं. सिनेमाला वेळेचं बंधन नव्हतं, म्हणून तिथे एखादं कडवं जास्त असतं, म्युझिकचा तुकडा लांबलेला असतो, मधे संवाद असतात. उलटही होतं : रेकॉर्डवरचं कडवं सिनेमात कापलेलं असतं. आमच्यातले दोघं जण फक्त याच शोधात असतात. रेकॉर्डवर नसलेलं कडवं सापडलं की त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलतो.

आमच्याकडची मोठी माणसं सारखं ‘सिलोन, सिलोन’ का करतात?

कारण आपल्या सरकारी रेडिओने दार लावून घेतलं होतं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा भक्त. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते काय करणार? त्यांनी काटा फिरवला आणि सिलोनचं, म्हणजे आजच्या श्रीलंकेतलं, कोलंबो लावलं.

त्याच १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचा तो आवाज यायचा, ‘बहनो और भाइयो’, बहिणी आधी. १९५३ च्या वार्षिक गीतमालेत पहिलं आलेलं गाणं होतं ‘अनारकली’तलं ‘ये ज़िंदगी उसी की है’. त्याची चाल बांधणारा माणूस नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा, रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. एका मराठी मंत्र्याने ज्या गाण्यांना दार बंद केलं, त्यातलंच एका मराठी संगीतकाराचं गाणं शेजारच्या देशातून येऊन पहिलं बसलं! शेवटी सरकारलाही उपरती झाली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली.

आमच्या घरात रेडिओ फळीवर असायचा, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली, ती एरियल. लायसन्सचे पैसे पोस्टात भरायचे. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. ऐन कडव्यात तो लांब गेला की वडील बटणाला हात न लावता नुसता हात वर करायचे, म्हणजे कुणी हलायचं नाही. काही सेकंदांनी गाणं परत यायचं, पण तोवर दोन ओळी समुद्रात पडलेल्या असायच्या. त्या ओळी मला पुढे कॅसेट आल्यावर कळल्या. अजूनही त्या ओळी आल्या की मला त्या नंतर कुणीतरी जोडल्यासारख्या वाटतात.

नट स्वतः गायचे ते कधी थांबलं?

एका दिवसात नाही. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन वापरलं. पण नंतरही सैगल, नूरजहाँ, सुरैया पडद्यावर स्वतःच गात राहिले. आपल्या प्रभातच्या शांता आपटेही तशाच, ‘कुंकू’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ (१९३७) बघा. पार्श्वगायनाचं राज्य खऱ्या अर्थाने आलं ते चाळिशीच्या शेवटी.

रेकॉर्डवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ असं लिहिलंय. ही कोण?

ही लता मंगेशकर. ‘महल’ (१९४९) सिनेमात मधुबालाच्या पात्राचं नाव कामिनी, म्हणून ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर तेच छापलं. तेव्हा तशी पद्धतच होती. गाणं वाजायला लागल्यावर लोक विचारायला लागले की ही गाते कोण, आणि मग रेडिओवरून नाव सांगावं लागलं.

या गाण्याची सुरुवात हेडफोन लावून ऐका. आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ येतो. आज हे बटण फिरवून होतं. तेव्हा मायक्रोफोन खोलीच्या मधे ठेवला होता, आणि विशीत पाऊल टाकणारी ती मुलगी कोपऱ्यातून गात गात, एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे चालत आली. लताबाईंनीच हे अनेकदा सांगितलंय. चाल खेमचंद प्रकाश यांची. सिनेमा लागल्यावर वर्षाच्या आत ते गेले.

ही वाद्यं वाजवायचं कोण? नावं कुठेच का नसतात?

या प्रश्नाची मी वाट बघत असतो. दहातला एखादाच तो विचारतो.

तबकडीवर गायकाचं नाव, सिनेमाचं नाव, संगीतकाराचं नाव, कधी गीतकाराचं. वादकांचं नाही. आणि स्टुडिओत तर चाळीस-पन्नास माणसं असायची. ताडदेवचं फेमस घ्या किंवा वांद्र्याचं मेहबूब, सगळे एकाच वेळी एकाच खोलीत बसून वाजवायचे आणि गायक तिथेच गायचा. एका व्हायोलिनवाल्याचा गज घसरला की सगळ्यांनी पहिल्यापासून. दहावा, पंधरावा टेक. आपण ऐकतो तो त्यातला एक. एका खोलीतली तीन मिनिटं, ज्यात इतक्या जणांपैकी कुणाचंच चुकलं नाही.

त्यातले पुष्कळ जण गोव्याचे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. ही पोरं मोठी होऊन मुंबईला आली, हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून स्टुडिओत शिरली. आपल्या संगीतकाराने पेटीवर चाल गाऊन दाखवायची. पण वीस व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, ॲकॉर्डियन यांनी काय वाजवायचं ते कागदावर कोण मांडणार? अरेंजर. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिनचा जो समुद्र उसळतो, त्यामागे सेबॅस्टियन डिसोझा आहेत. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट होते. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचे, ट्रम्पेट वाजवायचे. ‘अलबेला’त (१९५१) ते आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. ‘आशा’तलं (१९५७) ‘ईना मीना डीका’ तुम्ही निरर्थक समजून गात असाल, पण त्यात मधेच ‘माका नाका’ येतं. ते शुद्ध कोकणी आहे हो, ‘मला नको’. आमच्याकडे एकदा एक म्हापशाच्या बाई आल्या होत्या. त्या तिथे इतक्या मोठ्याने हसल्या की गाणं परत लावावं लागलं.

आणि अँथनी गोन्साल्विस. माजोर्ड्याचा माणूस, व्हायोलिनचा शिक्षक, अरेंजर. त्यांच्याकडे एक मुलगा शिकायला यायचा, त्याचं नाव प्यारेलाल. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला, त्यात अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव गातो ते प्यारेलालजींच्या गुरूंचं. सगळ्या देशाने ते नाव तोंडात घोळवलं आणि तो खरा माणूस आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

हे झालं पाश्चात्त्य बाजूचं. ताल आपल्या हाती होता. शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक दत्ताराम वाडकर मूळचे गोव्याचेच. ढोलकीवरचा त्यांचा एक ठेका वादकांच्या बोलण्यात आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिलेलं ‘परवरिश’मधलं (१९५८) ‘आँसू भरी हैं ये जीवन की राहें’ लावा. मुकेश रडतोय. पण खालचा ताल रडत नाही, तो शांतपणे चालत राहतो. म्हणून ते रडणं अंगावर येत नाही.

संगीतकारांमध्ये मराठी माणसं कोण कोण?

यादी दिली तर अभिमान चढतो आणि ऐकणं राहून जातं. म्हणून तिघांबद्दलच बोलतो, बाकीचे तुम्ही शोधा.

सी. रामचंद्र वर आलेच. या माणसाने ‘अलबेला’त ‘भोली सूरत दिल के खोटे’ही केलं आणि ‘धीरे से आ जा री अँखियन में’ ही अंगाईही. एकाच सिनेमात. भगवानदादांची ती कंबर हलवत नाचायची ढब गणपतीच्या मिरवणुकीत आजही पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चालही याच माणसाची.

वसंत देसाई सिंधुदुर्गातले, शांतारामबापूंच्या तालमीत वाढलेले. ‘दो आँखें बारह हाथ’मधलं (१९५७) ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आणि ‘गुड्डी’तलं (१९७१) ‘हमको मन की शक्ति देना’ ही दोन्ही गाणी शाळांच्या प्रार्थनेत गेली. एखाद्या संगीतकाराचं गाणं लोक त्याचं नाव विसरून रोज सकाळी हात जोडून म्हणतात, याहून मोठा पुरस्कार मला सुचत नाही.

तिसरे स्नेहल भाटकर. त्यांचं एकच गाणं सांगतो, ‘कभी तनहाइयों में यूँ हमारी याद आएगी’ (१९६१). मुबारक बेगम गायल्या. त्या आवाजात एक खर आहे. मखमलीवर हात उलटा फिरवल्यासारखा तो लागतो. दुसऱ्या कुणी गायलं असतं तर गाणं अधिक सुंदर झालं असतं आणि बिघडलं असतं.

तिघं म्हणालो, पण बाबूजींना वगळून मला घरात राहता येणार नाही. सुधीर फडक्यांचं ‘ज्योति कलश छलके’ (‘भाभी की चूड़ियाँ’, १९६१) पुढच्या प्रश्नात.

मला रागदारी कळत नाही. चालेल?

चालेल. उलट ही गाणीच रागदारी शिकवतात. ‘ज्योति कलश’ भूप की देशकार यावर आमच्याकडे दर वर्षी एकदा चहा गार होतो. दोन्ही रागांत तेच पाच स्वर, मध्यम आणि निषाद नाहीत. भूप गंधारावर रेंगाळतो, देशकार धैवतावर. एवढं सांगितलं आणि गाणं लावलं, तर ज्याला ‘सा’ कुठे ते कळत नाही तोही तिसऱ्या खेपेला बोट वर करून म्हणतो, ‘इथे वर थांबतायत.’ बस, झालं की काम. सकाळच्या गाण्याला सकाळचा देशकार!

पंडितांनाही सिनेमाचं वावडं नव्हतं. ‘बैजू बावरा’त (१९५२) उस्ताद अमीर ख़ाँ आणि पं. द. वि. पलुसकर यांची जुगलबंदी आहे. ‘बसंत बहार’मधल्या (१९५६) ‘केतकी गुलाब जूही’ची गोष्ट तर मन्ना डेंनी स्वतः सांगितलेली. समोर भीमसेन जोशी, आणि कथेप्रमाणे मन्नादांनी त्यांना हरवायचं! ते ऐकून मन्नादा गाव सोडून पळायच्या बेतात होते. बायकोने समजूत घातली, खुद्द भीमसेनजींनी धीर दिला, मग रेकॉर्डिंग झालं. हरणाऱ्याच्या जागी बसून भीमसेनजी किती मोकळे गायलेत ते ऐका.

उर्दू शब्द कळत नाहीत. काय करावं?

लताबाईंनाही एकदा हेच ऐकवलं गेलं होतं. सुरुवातीच्या काळात लोकलमध्ये संगीतकार अनिल विश्वासांनी त्यांची दिलीपकुमारशी ओळख करून दिली. मुलगी मराठी आहे हे कळल्यावर दिलीपकुमार म्हणाले, की मराठी लोकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो. लागलं ते. पण रुसून न बसता त्यांनी एक मौलाना लावले आणि उर्दू शिकून घेतली. पुढची पन्नास वर्षं त्या वरण-भाताचा वास शोधून सापडला नाही.

आपल्याला मौलाना नको, थोडे शब्द पुरेत. ‘ख़लिश’ म्हणजे सल, ‘सहर’ म्हणजे पहाट, ‘आशियाँ’ म्हणजे घरटं, ‘सबा’ म्हणजे पहाटेचा वारा. पन्नास-साठ शब्दांत साहिर आणि मजरूह हे गीतकार पुष्कळसे उघडतात. आणि शैलेंद्रला तर तेवढीही गरज नाही. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलेला माणूस तो. त्याची भाषा डबा उघडून जेवायला बसलेल्या कामगारांना कळेल अशी.

लता की आशा?

चहात साखर किती?

पण यातल्या कितीतरी चाली बाहेरून उचललेल्या होत्या ना?

होत्या. ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’चा (‘छाया’, १९६१) मुखडा मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतला आहे. ‘समाधि’तलं (१९५०) ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ एका लॅटिन ढंगाच्या अमेरिकन गाण्यावरून आलंय. ‘आवारा’तल्या ‘घर आया मेरा परदेसी’मागे इजिप्तच्या उम्म कुलसूम यांचं गाणं आहे.

माझं मत विचाराल तर मुखडा उचलला की नाही हे मी बघत नाही, अंतऱ्याचं काय केलं ते बघतो. ‘छाया’चे संगीतकार सलील चौधरी, आमचे सलीलदा, यांनी मोझार्टकडून एक ओळ घेतली आणि ती घेऊन स्वतःच्या वाटेने चालू लागले. काही जणांनी मात्र अख्खी वाटच उचलली. ती गाणी आम्ही लावत नाही असं नाही, पण लावताना जरा खाली बघतो.

गायक-वादकांना रॉयल्टी मिळायची का?

वादकांना रेकॉर्डिंगपुरते पैसे मिळायचे, विषय संपला. गाणं पुढे साठ वर्षं वाजलं तरी त्यांना त्याचं काही नाही. गायकांनाही हक्क मिळावा म्हणून लताबाई अडून बसल्या. रफीसाहेबांचं म्हणणं वेगळं, ठरलेले पैसे मिळाले की आपला संबंध संपला. यावरून साठच्या दशकात काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. त्या वर्षांतली द्वंद्वगीतं बघितलीत तर रफींच्या जोडीला सुमन कल्याणपूर दिसतील. सुमनताईंची कितीतरी सुंदर गाणी त्या भांडणाने आपल्याला दिली.

माळ्यावर आजोबांच्या तबकड्या सापडल्या. काय करू?

आधी त्या आडव्या थप्पीतून काढा आणि उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. खाली पडल्या तर कौलासारख्या फुटतात. स्पिरिटने पुसू नका. हे मी ठासून सांगतो, कारण मी ते केलंय. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या आजीची एक तबकडी मी मोठ्या प्रेमाने चकचकीत करायला गेलो आणि पाच मिनिटांत तिच्यावरच्या रेघा मऊ करून ठेवल्या. आता तिच्यातून पाऊस ऐकू येतो. साध्या पाण्यात साबणाचा थेंब, मऊ फडकं, मधला कागद भिजू द्यायचा नाही, आणि सावलीत वाळवायचं.

वाजवायला हल्लीचा रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्यात ७८ चा वेग आहे का बघा, आणि सुई वेगळी लावा. ७८ ची रेघ नंतर आलेल्या लाँग प्ले तबकडीच्या, म्हणजे एलपीच्या, रेघेपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते. चावीचा ग्रामोफोन असेल तर लोखंडी सुई एका बाजूला एक, लगेच बदलायची. आणि त्या सुईखाली चुकूनही एलपी ठेवू नका, नांगर फिरल्यासारखी होते. भारतात ७८ च्या तबकड्या साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत होत्या, त्यामुळे माळ्यावर सापडलेली प्रत्येक तबकडी दुर्मीळ नसते. लाखो रुपये येतील या आशेवर राहू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात एखाद्या रविवारी फिरलात की अंदाज येईल.

त्या डिजिटल करून सगळ्यांसाठी टाकल्या तर चालतं का?

आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे पन्नासच्या दशकातल्या तबकड्यांवरचा तो हक्क संपलेला आहे. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मदनमोहन १९७५ मध्ये गेले, साहिर १९८० मध्ये. हिशेब करा. घरी ऐकायला कुणी अडवत नाही.

गाणं आठवतंय, सिनेमा आठवत नाही. कुठे शोधायचं?

कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी १९३१ पासूनचे हिंदी सिनेमे आणि त्यांतली गाणी दशकादशकाने नोंदवून ‘हिंदी फिल्म गीत कोश’ तयार केला. संगणक नव्हता तेव्हापासून, पत्रव्यवहार करून आणि हाताने लिहून. आज फोनवर दोन सेकंदांत जी माहिती येते, तिच्या मुळाशी बऱ्याचदा हा माणूस असतो. आमच्यातला वाद कोश उघडला की थांबतो. हरलेला माणूस मग छपाईची चूक काढतो.

हे सगळं नुसतं स्मरणरंजन नाही का? नवी गाणी काय वाईट आहेत?

थोडं आहेच, नाकारत नाही. त्या काळातही शेकडो टुकार गाणी होती. काळाने ती चाळून टाकली आणि आपण चाळणीत उरलेलं बघून ‘तेव्हाचं सगळं सोनं’ म्हणतो. कोश कुठेही उघडा, एका पानावर ओळखीची दोन गाणी निघतील, बाकी सगळी अनोळखी.

पण आमच्याकडे एक मुलगी येते, वय वर्षं बावीस. तिची कसलीच स्मृती या गाण्यांना चिकटलेली नाही. रेडिओची एरियल नाही, क्रोशाचा रुमाल नाही. पहिल्यांदा आली तेव्हा ‘सुजाता’तलं (१९५९) ‘जलते हैं जिसके लिए’ लागलं होतं. सुनील दत्त टेलिफोनवर गातोय, पलीकडे नूतन रिसीव्हर कानाला धरून रडतेय. तलत महमूदचा तो कापरा आवाज. मुलगी म्हणाली, ‘काका, हा माणूस एवढ्या हळू गातोय, कारण फोन आहे ना?’ मी चाळीस वर्षं ते गाणं ऐकतोय. तलतचा आवाज हळुवार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खरंच की! फोनवर एका माणसाच्या कानात गायचंय, सभागृहात नाही. संगीतकार सचिनदेव बर्मन, म्हणजे बर्मनदांनी, तिथे तलतच का घेतला, ते मला बावीस वर्षांच्या पोरीने शिकवलं.

रिमिक्स चालतात का?

आमच्याकडे नाही. तुमच्या घरी तुम्ही मुखत्यार. एकच बघा, नव्या आवृत्तीत शब्द राहतो, मुखडा राहतो, आणि पहिलं काय जातं? मधलं म्युझिक.

बैठकीला यायचं असेल तर?

या. खुर्च्या कमी पडतात, सतरंजी आहे. फर्माईश चिठ्ठीवर लिहून द्यायची, एका माणसाची एक. गुडघे दुखत असतील तर लवकर या, भिंतीकडची जागा मिळेल. सहाला सुरू करतो. रेडिओ सिलोनवर सकाळी साडेसातला जुन्या सिनेमांतली गाणी लागायची आणि आठच्या ठोक्याआधी शेवटचं गाणं सैगलचं असायचं. आम्हीही संध्याकाळी सात सत्तावन्नला सैगल लावतो. त्या वेळी कुणीतरी हमखास चपला शोधायला उठतं. कृपा करून तीन मिनिटं थांबा.